गॅमा किरणांनी तेल शोधायचे, तर शिकायचे काय?

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी बारावी विज्ञानाला असून, जमिनीतून येणारे गॅमा किरण मोजून खनिज तेल शोधतात हे वाचल्यापासून तिला तेच काम करायचे आहे आणि आपणास मात्र किरणोत्साराची धास्ती वाटते, असे आपण नागपूरच्या नंदनवनहून कळविले आहे.

आधी धास्तीविषयी. या सर्वेक्षणातील उपकरण किरण सोडत नाही. मातीतील पोटॅशियम, युरेनियम व थोरियम यांच्यापासून मुळातच येणारे किरण ते केवळ मोजते. साठ्यातून वर झिरपणाऱ्या हायड्रोकार्बनमुळे (म्हणजे तेल-वायूच्या अंशांमुळे) वरच्या मातीचे रसायन बदलते आणि थोरियमच्या मानाने युरेनियम व पोटॅशियम घटते, असे यामागचे गृहीतक आहे. अडचण अशी, की हे किरण जेमतेम वरच्या अर्ध्या मीटरमधून येतात आणि तेल असते बहुधा हजार-दोन हजार मीटर खाली. आपल्याच शहरात सेमिनरी हिल्सच्या काळ्या बेसाल्टवर किरणांचा आकडा कमी दिसेल, पूर्वेकडील ग्रॅनाइटसारख्या नीस खडकावर वाढेल. तेलाचा तिथे काडीचाही संबंध नाही, फक्त खडक बदलला. माती ओली झाली तरी आकडा उतरतो. म्हणून तेल कंपन्यांची मुख्य भिस्त भूकंपीय सर्वेक्षणावर (जमिनीत कंपने सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून खालचे थर पाहण्यावर) असते, आणि या एकाच पद्धतीवर करिअर बेतू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅमा किरणांचे रोजचे काम चालते ते तेलासाठी खोदलेल्या विहिरीच्या आत. केबलला बांधलेले उपकरण वर ओढताना शेल या जास्त किरण देणाऱ्या चिकणमातीच्या खडकासमोर आलेख उजवीकडे झुकतो, स्वच्छ वालुकाश्मासमोर डावीकडे येतो, आणि त्यावरून तेल साठू शकेल असे थर ओळखतात. या वेल लॉगिंगमध्ये खडकाची घनता मोजण्यासाठी सीझियम-१३७ चा स्रोत वापरतात, तेव्हा तिथे मात्र किरणोत्साराची मात्रा मोजणारा बिल्ला लावून, नियम पाळूनच काम करावे लागते.

तिने गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये. पदवीनंतर जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन धनबाद किंवा मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूभौतिकी शिकता येते; पुढे ओएनजीसीसाठी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत सांगितलेली परीक्षा, तर सरकारी भूवैज्ञानिक सेवेसाठी यूपीएससीची स्वतंत्र परीक्षा असते. तिला किरण मोजण्याचीच ओढ असेल, तर युरेनियमच्या शोधात हीच पद्धत थेट उपयोगी पडते, आणि ते काम करणाऱ्या अणुखनिज संचालनालयाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरातच आहे.

नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतील (आताच्या एलआयटी विद्यापीठातील) ‘तेल तंत्रज्ञान’ हे नाव पाहून मात्र घाईने अर्ज करू नये. ती शाखा खाद्यतेल, स्निग्ध पदार्थ आणि साबणाची आहे.