वाचक विचारतात : घरातले ज्येष्ठ आणि त्यांना सांभाळणारे

प्रश्न : आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. माझ्या ७९ वर्षांच्या सासूबाईंचा विसराळूपणा वर्षभरात फार वाढला आहे. दिवेलागणीला त्या पिशवी भरून दारात उभ्या राहतात आणि ‘मला घरी पोचवा’ म्हणतात. वास्तविक लग्न होऊन त्या याच घरात आल्या. पाटल्या मी चोरल्या, असेही त्यांनी शेजारणीला सांगितले. यजमान जहाजावर नोकरीला, दीर मुंबईला. हे वयाचे की दुखण्याचे? आणि चार दिवस माहेरच्या जत्रेला जावेसे वाटते, ते चुकीचे आहे का?

उत्तर : चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे वयाबरोबर येते, पण राहते घर परके वाटणे आणि घरच्या माणसावर चोरीचा आळ घेणे ही आजाराची लक्षणे असू शकतात, तेव्हा आधी तपासणी करून घ्यावी. असा प्रत्येक विसराळूपणा स्मृतिभ्रंशाचाच असतो असे नाही. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या यांमुळेही असे चित्र दिसते आणि त्यातले पुष्कळसे उपचाराने सुधारते. म्हणून त्यांच्या सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. मात्र बडबड किंवा ग्लानी एक-दोन दिवसांतच एकाएकी सुरू झाली, तर ती लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा रक्तातले सोडियम उतरल्यानेही असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मनोविकार व मानवी वर्तन संस्थाही तिथेच आहे. दुसऱ्या संस्थेचे नाव ऐकून बिचकणारी कुटुंबे अजून आहेत, आणि त्या बिचकण्यात रुग्णाचे महिनेच्या महिने वाया जातात.

‘हेच तुमचे घर’ असे दहादा पटवून काही साधत नाही, उलट त्या अधिक चिडतात. ‘जाऊया, पण आधी चहा घेऊया’ असे म्हणून त्यांना सोबत घेऊन तुळशीपुढे दिवा लावावा, नंतर कापूस देऊन वाती वळायला बसवावे. हातांना सवयीचे काम मिळाले की मनाची घालमेल बरेचदा ओसरते. घरातले दिवे अंधार पडण्यापूर्वीच लावावेत, कारण कोपऱ्यांतल्या सावल्यांनी अशा रुग्णांना भास होतात, आणि पावसाळ्यात वीज जाते हे धरून चार्जिंगचा दिवा हाताशी असू द्यावा. पाटल्यांच्या बाबतीत ‘मी घेतल्या नाहीत’ म्हणण्याऐवजी ‘चला, दोघी मिळून शोधूया’ म्हणावे. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागची फट अशा त्यांच्या ठेवण्याच्या जागा ध्यानात ठेवाव्यात, आणि शेजारणीला दुखण्याची कल्पना स्पष्ट शब्दांत द्यावी.

जत्रेला आपण अवश्य जावे. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांचा गोव्यातल्याच दोन तालुक्यांत केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन माहिती आणि आधार दिल्यावर सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण हलका झाल्याचे त्यात आढळले. दिरांना मोघम ‘लक्ष असू द्या’ न सांगता, जत्रेचे चार दिवस इथे येऊन राहा, असे तारखांसह कळवावे. चाकरी सुनेने करायची आणि घरावरचा हक्क मात्र सगळ्यांचा, ही रीत मला मुळीच पटत नाही. यजमानांनी रजेवर आल्यावर रात्रीची पाळी स्वतःकडे घ्यावी. निकषांत बसत असल्यास दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना दरमहा २००० रुपये मिळतात. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून आहे. पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. तो खर्च दोघा भावांनी वाटून घ्यावा.

प्रश्न : वय ७२, पेडणे. मागच्या पावसात अंगणात घसरून पडलो, हाड मोडले नाही. तेव्हापासून मुले बाजारातसुद्धा जाऊ देत नाहीत. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : काळजी रास्त, उपाय चुकीचा. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणाऐवजी सोप्यावर फेऱ्या माराव्यात आणि हात न टेकता खुर्चीवरून उठण्याचा सराव करावा. सुरुवातीला जवळ कोणीतरी उभे असावे. न्हाणीत भिंतीला दांडा बसवून घ्यावा, आणि उठताना भोवळ येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. जेवणात पेज आणि लोणचे एवढेच नको, मासळी, अंडे किंवा कुळथाची पिठी रोज असावी. बाजारात जरूर जावे, मात्र सपाता घालून नव्हे.

प्रश्न : घर आत्ताच मुलाच्या नावावर करून द्यावे का?

उत्तर : घाई करू नये. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते; म्हणून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. शिवाय गोव्याच्या वारसा कायद्यात साधारणपणे निम्मी मालमत्ता मुले व अन्य हक्कदार वारसांसाठी राखीव असते आणि घराच्या व्यवहारात पती-पत्नी दोघांची संमती लागते, तेव्हा सहीपूर्वी इथल्याच वकिलाला कागद दाखवावेत.