फुकटची छत्री आणि रात्रीचा फुटबॉल: केबल तोडावी का?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. स्वतःची रिक्षा, थोडी आंब्याची कलमं. घरात आई, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नववीतला मुलगा. केबलला महिन्याला ४५० रुपये जातात. मुलीच्या अभ्यासासाठी फायबर घेतलंय, त्याचे ६०० च्या आसपास. केबलवर स्पोर्ट्सचं पॅकेज ठेवलंय ते मुलाच्या फुटबॉलपायी. आता बाजारातल्या डिश बसवणाऱ्याने दोन पर्याय पुढे केलेत. एक, १,९०० रुपयांत डीडी फ्री डिशची छोटी छत्री, बसवून. दुसरा, १६,००० रुपयांत मोठी जाळीची छत्री आणि 'सगळे स्पोर्ट्स खुले' करणारा बॉक्स. मुलगा विचारतो, "फुकट दिसता तर पैसे कित्याक भरूचे?" वाचकाला दोन गोष्टी हव्यात: केबल तोडावी का, आणि वाचलेले पैसे मुलीसाठी कुठे टाकावेत.

नमस्कार. तुमच्या झिलाचा प्रश्न बिनतोड आहे. फक्त फुकटात नेमकं काय दिसतं, ते आधी बघू.

फ्री डिश ही दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर असतातच. खाजगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, म्हणून त्यांची यादी बदलत राहते. आणि ज्या वाहिन्या प्रेक्षकाकडून पैसे घेऊन चालतात त्या इथे सहसा येत नाहीत, कारण फुकट दिसल्या तर केबलवर त्यांना कोण विकत घेणार? फुटबॉल क्लबांच्या स्पर्धांपैकी इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे भारतातले हक्क जिओस्टारकडे आहेत आणि युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचे सोनीकडे. मुलगा शनिवारी रात्री जे बघतो ते फ्री डिशवर दिसणार नाही. छत्री कितीही नीट लावली तरी नाही.

मग फ्री डिशवर फुटबॉल येतो तो कुठून? कायद्यातून. २००७ च्या एका कायद्याने असं ठरवलं की सरकारने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या स्पर्धांचं प्रक्षेपण हक्कधारक वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचं. त्यात क्रिकेट आहे, ऑलिंपिक आहे आणि फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामनेही आहेत. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या स्वतःच्या प्रक्षेपकांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं. खाजगी केबल आणि डीटीएचवरच्या दूरदर्शनवर नाही. म्हणजे केबलचे पैसे भरणाऱ्याला त्याच्या डीडी वाहिनीवर तो सामना दिसत नाही, आणि फुकटवाल्या शेजाऱ्याला दिसतो. डिश बसवणारा 'मॅच फुकट दिसते' म्हणतो ते या अर्थाने खरंच आहे.

पण किती सामने? २०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा, १०४ सामन्यांचा. त्यातले कायद्याने फुकट वाट्याला येणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. विश्वचषक चार वर्षांनी एकदा येतो आणि तुमचा मुलगा दर आठवड्याला फुटबॉल बघतो. (तुम्हीही बघता. रात्री दीडच्या सामन्याचा जाच तुम्ही ज्या तपशिलाने लिहिलाय, तो नुसता ऐकीव वाटत नाही.)

त्यामुळे माझं पहिलं मत हे: १,९०० ची छत्री घ्यायला हरकत नाही, पण ती फुटबॉलसाठी घेतोय असं समजू नका. फुटबॉलचा खर्च वेगळ्या रकान्यात लिहा.

१६,००० च्या छत्रीवर जास्त शाई घालवत नाही. परदेशी वाहिन्या मोठ्या छत्रीवर काही वेळा खुल्या सापडतात हे खरं. पण त्यांच्याकडे आपल्या देशाचे हक्क नसतात, म्हणून नेमक्या सामन्याच्या वेळी उपग्रहावरचं चित्र कुलूपबंद करतात. आणि तो 'खुलं करणारा' बॉक्स म्हणजे दुसऱ्याचं कुलूप तोडणं. कॉपीराइट कायद्यात त्याबद्दल २०१२ पासून स्वतंत्र कलम आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार वाईटच: वाहिनीने किल्ली बदलली की पडदा काळा, आणि तक्रार करायला हातात पावती नाही. १६,००० म्हणजे तुमच्या आजच्या केबलचे जवळपास तीन वर्षांचे पैसे.

आता छोट्या छत्रीबद्दल, कारण ती कोकणात लावायची म्हणजे तिचं वेगळं गणित आहे.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. तुमच्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. एवढ्या उंचीमुळे सह्याद्री आड येत नाही, पण परसातला माड येतो. आग्नेयेच्या बाजूला घराला खेटून माड किंवा जुनं रायवळ आंब्याचं झाड असेल तर जागा आधी बघून घ्या. वाऱ्यावर झावळी हलली की चित्र अडकतं आणि माणूस बॉक्सला शिव्या घालतो. डिश बसवणारा फेब्रुवारीत येऊन सिग्नल दाखवून जाईल; तुम्ही मात्र त्याला विचारा की पुढच्या दोन वर्षांत ही फांदी कुठे पोचेल.

पाऊस हा दुसरा मुद्दा. हे प्रक्षेपण केयू बँडवर येतं, आणि त्या लहरी जोरदार पावसात थेंबांमध्ये शोषल्या जातात. किनारपट्टीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. विश्वचषकाच्या तारखा बघा: ११ जून ते १९ जुलै. अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, ऐन आषाढाच्या तोंडावर. म्हणजे वर्षभरात ज्या सामन्यांसाठी ही छत्री उपयोगाची, तेच सामने पावसात धुतले जाण्याची शक्यता सर्वात जास्त. उलट क्लबांचा हंगाम ऑगस्ट ते मे, त्याचा मोठा भाग कोरड्या महिन्यांत येतो, पण ते सामने छत्रीवर नाहीत! यावर थोडा उपाय आहे. ६० सेंटिमीटरऐवजी जरा मोठी छत्री मागा, दोन-चारशे जास्त गेले तरी चालतील. पावसाची सर कमी झाली की चित्र लवकर परत येतं.

तिसरा मुद्दा खाऱ्या वाऱ्याचा. समुद्राजवळ छत्रीचा पत्रा नंतर गंजतो, आधी गंजतो तो वायरच्या टोकाचा पितळी कनेक्टर. आतली तांब्याची तार हिरवी पडली की सिग्नल गेला. बसवतानाच त्या जोडावर रबर टेप घट्ट गुंडाळून घ्या, नटबोल्ट स्टेनलेसचे मागा, आणि वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्यायला सांगा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता तिथूनच गळून जाईल. हे एवढं केलं तरी देखभालीला वर्षाला २००-३०० रुपये धराच. विजा चमकायला लागल्या की बॉक्सची वायर काढून ठेवायची, हे तुम्हाला सांगायला नको. बाकी केबलचीही गत पावसात फार बरी नसते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा खांबच आडवे झाले होते, तिथे छत्री काय आणि केबल काय.

आता खरा अडथळा. पत्रात तो एका ओळीत येऊन गेलाय: "आई संध्याकाळच्या मालिका बघते." तुमच्या घरची केबल फुटबॉलवर चालत नाही, ती आईंच्या मालिकांवर चालते. आणि मोठ्या मराठी वाहिन्या, स्टार प्रवाह किंवा झी मराठीसारख्या, पैसे भरून बघायच्या आहेत. फ्री डिश लावून केबल तोडलीत तर पहिल्याच संध्याकाळी सात वाजता घरात काय होईल याचा अंदाज तुम्ही करालच.

पहिला मार्ग: केबल ठेवायची, फक्त स्पोर्ट्सचं पॅकेज काढायचं. तसा तुम्हाला हक्क आहे. हव्या त्या वाहिन्या निवडता येतात आणि केबलवाल्याने प्रत्येकीची किंमत सांगायला हवी. तो 'पॅकेजच घ्यावं लागतं' म्हणाला तर लेखी यादी मागा. समजा बिल ४५० वरून ३०० वर आलं. वर्षाला १,८०० वाचले. फुटबॉलसाठी मुलाने दाखवलेला जिओहॉटस्टार अॅपचा वार्षिक प्लॅन तुम्ही १,००० च्या आसपास लिहिलाय, तो वजा केला की उरले ८००. एवढ्यासाठी खटाटोप करायचा का, हे तुम्ही ठरवा. मी नसता केला.

दुसरा मार्ग जास्त फायद्याचा आहे. प्रीमियर लीग ज्या जिओहॉटस्टारवर दिसते त्याच अॅपवर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिकाही आहेत. म्हणजे मुलाच्या १,००० रुपयांत आईंच्या मालिका येऊ शकतात, आणि इंटरनेटचे पैसे तुम्ही तसेही भरताच. पण त्या झी मराठी बघत असतील तर ते वेगळं अॅप, वेगळे पैसे. चॅम्पियन्स लीग तर सोनीलिव्हवर. म्हणून आधी आईंना विचारा की कुठल्या तीन मालिका चुकवून चालणार नाहीत. त्या तिन्ही एकाच ठिकाणी सापडल्या तरच पुढे जा.

प्लॅन घेताना दोन गोष्टी तपासा. स्वस्त प्लॅन बरेचदा फक्त मोबाइलपुरते असतात. टीव्हीवर चालणारा हवा. आणि तुमचा टीव्ही स्मार्ट नसेल तर अॅप चालवायला टीव्हीला जोडायची वेगळी स्टिक लागेल, तिला तीन हजारांच्या आसपास जातील. फायबर बंद पडलं तर मोबाइलवर बघू असं मुलगा म्हणेल. एचडीत एका सामन्याला तीन-चार जीबी सहज लागतात, आणि रोजचा डेटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो, त्यामुळे साडेबाराचा सामना संपेपर्यंत मुलीच्या सकाळच्या क्लासचा डेटा संपलेला असेल.

टीव्ही स्मार्ट आहे असं धरून हिशोब: केबलचे वर्षाला ५,४०० वाचले, अॅपला १,००० गेले. पहिल्या वर्षी छत्रीचे १,९०० वजा करून २,५०० उरतात, दुसऱ्या वर्षापासून ४,४००. छत्री यात कशाला, तर बातम्या, सह्याद्री वाहिनी, भारताचे क्रिकेट सामने आणि फायबर मेल्याच्या दिवशी घरात काहीतरी चालू असावं म्हणून. एमपेग-४ (प्रक्षेपणाची नवी पद्धत) चालणारा बॉक्सच घ्या, जुना स्वस्त देतो म्हणाला तरी नको.

केबल एकदम तोडू नका. महिनाभर सेवा तात्पुरती बंद ठेवायला सांगा, तशी सोय नियमांत आहे. हा महिना जूनचा निवडा, तेव्हा क्लबांचे सामने नसतात. त्या महिन्यात आईंना रिमोटवरून मालिका लावता आली तर केबल सोडा, डिपॉझिट परत मागा, बॉक्स दिल्याची पावती घ्या. नाही जमलं तर केबल परत चालू करा, कुरकुर न करता. ७० च्या पुढच्या बाईला रोज संध्याकाळी नातवाची मनधरणी करायला लावून ३७० रुपये महिना वाचवण्यात राम नाही. वार्षिक प्लॅन तोवर घेऊ नका. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताना घ्या.

वाचलेल्या पैशांबद्दल. मुलीसाठी म्हणता, पण तुमची रिक्षा हेच घराचं उत्पन्न आहे, आणि पत्रात तुमच्या विम्याचा उल्लेख नाही. बँकेत जाऊन आधी दोन अर्ज भरा: पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण, आणि पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना, वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. दुसरीत वयाच्या ५० पर्यंतच शिरता येतं. रोज सावंतवाडी-वेंगुर्ले रस्त्यावर रिक्षा चालवणाऱ्या माणसाला हे पुरेसं नाही, पण आज काहीच नसेल तर इथून सुरुवात.

विमा आणि छत्रीची देखभाल वजा जाता दुसऱ्या वर्षापासून महिन्याला साधारण ३०० उरतात. म्युच्युअल फंडाची एसआयपी मी इथे सांगणार नाही, कारण मुलीला पैसे दोन-तीन वर्षांत लागतील आणि एवढ्या थोड्या काळात बाजार खाली असताना काढायची वेळ येऊ शकते. मुलीसाठी बँकेत दोन वर्षांचं आवर्ती खातं (आरडी, दरमहा ठरावीक रक्कम भरायचं) उघडा. पोस्टाचं पाच वर्षांचं आवर्ती खातं मुलाला जास्त योग्य: सध्याच्या ६.७ टक्क्यांनी ३०० रुपये महिना भरले तर १८,००० चे साधारण २१,४०० होतात, आणि तोवर तो बारावी ओलांडून गेलेला असेल. मध्येच तीन वर्षांनंतर मोडता येतं, पण मग व्याज बचत खात्याइतकंच मिळतं. तुम्ही दोन्हींपैकी एक निवडा, आणि हप्ता खात्यातून आपोआप जाईल असं करून ठेवा, नाहीतर केबलचे वाचलेले पैसे डिझेलमध्ये जातील.

मुलगा पुढच्या वर्षी दहावीला जाईल. चॅम्पियन्स लीगचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात. तो बाप-लेकांचा प्रश्न आहे, माझ्या हिशोबाबाहेरचा. पण सोनीलिव्हचं दुसरं अॅप त्या वर्षी घेतलं नाहीत तर तेवढेही पैसे वाचतील.