ती एवढे दिवस गप्प का बसली

अगं,

काल बलात्काराची तक्रार घेऊन आपल्याकडे आलेली ती मुलगी गेल्यावर तू म्हणालीस ना, खरंच झालं असतं तर चार महिने गप्प कशी बसली असती. रागावले नाही मी, पण रात्री झोप लागेना म्हणून लिहितेय.

एक जुनी केस सांगते. १९७२ सालचं, विदर्भातलं देसाईगंज. अल्पवयीन आदिवासी मुलगी, भावाच्या तक्रारीवरून पोलीस स्टेशनला बोलावलेली, तिथेच अत्याचार झाला. सेशन कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. पण ते दोघं सुटले ते सुटलेच. ती तर लगेच बोलली होती गं!

आणि एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे आकडे बघ, बलात्काराच्या केसेसमध्ये जवळपास दरवर्षी नव्वद टक्क्यांच्या वर आरोपी ओळखीचाच असतो. म्हणजे चुलता, शेजारी, क्लासचे सर, नाहीतर ज्याच्या शेतावर बापाची मजुरी चालते तो. मग आई म्हणते लग्न व्हायचंय तुझं, गावातली माणसं मिटवून घ्या म्हणतात, साक्षीदार फितूर होतात, तारखांवर तारखा पडतात आणि तोवर पोरीचं लग्न होऊन समन्स सासरी जातं. त्या दिवशी तिच्यावर काय बेतत असेल विचार कर.

उशीर झाला म्हणून केस पडत नाही, उशीर एवढ्यावरच अविश्वास दाखवायचा नाही हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलंय. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेली तक्रार, कुठल्याही स्टेशनला होते, असा गुन्हा नोंदवायला नकार देणं हाच पोलिसासाठी गुन्हा आहे, जबाब महिला अधिकारीच घेणार, उपचार खाजगी दवाखान्यातही फुकट. टू फिंगर टेस्टवर, म्हणजे योनीत दोन बोटं घालून मुलीला संबंधांची सवय आहे का ते बघण्याच्या तपासणीवर, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये परत बंदी सांगितलीय, तरी मेडिकल रिपोर्ट नीट वाच, तसलं काही लिहिलेलं दिसलं तर लगेच मला दाखव. आणि तिचं नाव ऑफिसातसुद्धा मोठ्याने घेऊ नकोस.

सोमवारी येतेय ती परत, बहुतेक एकटीच. तू बस तिच्यासोबत, मी आतल्या खोलीत आहे. आधी पाणी दे, दार लावून घे, फाईल लगेच उघडू नकोस. तिला जिथून सांगावंसं वाटेल तिथून सांगू दे.

तुझी ताई