काळ्या मातीत घर बांधताना पायात स्टील वाढवलं की कोब्याला भेगा पडणार नाहीत का?

नाही. स्टील पायातलं, कोबा टेकलेला मातीवर. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं फुगणारं चिकणमातीचं खनिज असतं. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. हा खेळ दरवर्षीचा.

आधी माती तपासा. प्रयोगशाळेत चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमधली फुगत नाही, पाण्यातली फुगते. पाण्यातल्या मातीचं आकारमान रॉकेलमधलीपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वाढलं तर सावध व्हा.

मुरूम तीन-चार फुटांवर लागत असेल तर काळी माती पूर्ण काढा, पाया मुरुमावर बसवा, विषय संपला. थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल: तळाशी गोळा असलेले खांब, साधारण साडेतीन मीटर किंवा जास्त खोल. वरच्या प्लिंथ बीमखाली (खांबांना जोडणारी, भिंती पेलणारी आडवी तुळई) मात्र पोकळी ठेवा, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते. गवंडी ही पोकळी हमखास बुजवतात, स्वतः उभं राहून बघा.

कोब्याखाली मीटरभर न फुगणारा चिकट मुरूम, थराथराने पाणी मारून रोलरने दाबलेला. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी हीच पद्धत रूढ केली. दुकान-गोदामाच्या फरशीलाही हेच, शिवाय फरशी कॉलमपासून सुटी ठेवा.

आणि घराभोवती बाहेरच्या उताराचा पट्टा करा. पागोळ्या, न्हाणीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. झाडंही लांब लावा.