सीएची आर्टिकलशिप आणि रेग्युलर बी.कॉम. एकत्र जमतं का, की मुक्त विद्यापीठात जावं?

जमतं. तुम्ही लिहिलंय की एसवायला आहात, सप्टेंबर २०२५ च्या अटेम्प्टला इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप निघाले, आणि मुलाखतीला जाल तिथे पहिला प्रश्न येतो, "कॉलेज रेग्युलर आहे का?" हो म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पुण्यात आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग करणारी मुलं, घेणारा सीएच आहे मी, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने सांगतो: ज्यांचा चेहरा पडतो त्यांनी हिशोब नीट केलेला नसतो.

सगळे तासांचं गणित मांडतात. तास जमतात. कॉलेज सकाळचं असलं तर सात ते साडेदहा लेक्चर आणि अकरापासून ऑफिस, हे पुण्यात वर्षानुवर्षं चालत आलंय. आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, नियमात आठवड्याचे ३५ तास आहेत, जेवणाची सुट्टी वगळून. सहा दिवसांत वाटले तर रोजचे सहा तासही होत नाहीत. प्रत्यक्षात बरीच ऑफिसं दहा ते सात चालतात, तेव्हा रुजू होण्याआधीच वेळेचं बोलून घ्या, आणि बोललेलं ईमेलवर येऊ द्या.

अडतं ते तारखांवर. जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखा, टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायची ७ तारीख या महिन्याच्या महिन्याला येतात, त्यांची सवय होते. खरी टक्कर वर्षातून दोनदा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकांच्या शाखांचं स्टॅच्युटरी, म्हणजे कायद्याने सक्तीचं, ऑडिट सुरू होतं आणि त्याच महिन्यात किंवा लगेच पुढे सम सेमिस्टरची परीक्षा. मग टॅक्स ऑडिट, म्हणजे प्राप्तिकर कायद्याखालचं ऑडिट. त्याची कायद्यातली तारीख ३० सप्टेंबर, म्हणजे ऑक्टोबरच्या परीक्षेआधी मोकळं व्हायला हवं. पण २०२५ मध्ये मुदत आधी ३१ ऑक्टोबर झाली आणि मग १० नोव्हेंबर. मुदतवाढ मिळाली की क्लायंट निवांत होतात, कागद उशिरा येतात आणि कामाचा डोंगर नेमका विषम सेमिस्टरच्या पेपरांवर येऊन पडतो. तुमच्या दोन वर्षांतही असं होईल असंच धरून चला.

आता रजा. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आणि रजा वर्षाला १२. जुन्या तीन वर्षांत १५६ दिवस मिळायचे, त्यामुळे मोठ्या भावंडांनी दिलेला "परीक्षेला महिनाभर सुट्टी टाक" हा सल्ला आता निरुपयोगी आहे. एका सेमिस्टरला सहा-सात पेपर, वर्षाला दोन सेमिस्टर. नुसत्या पेपरच्या दिवसांतच बाराच्या बारा रजा संपतात. अभ्यासाला, आजारपणाला, घरच्या लग्नाला शून्य उरतो. इथेच मुलं घाबरतात आणि कॉलेज सोडायचं ठरवतात.

थांबा. जास्तीची रजा झाली तर होतं काय? तेवढे दिवस शेवटी भरून द्यावे लागतात, ट्रेनिंग तेवढं लांबतं. आणि नव्या योजनेत ट्रेनिंग संपल्यावर सहा महिने अभ्यासाचे, त्यानंतरच फायनलला, म्हणजे सीएच्या शेवटच्या परीक्षेला, बसता येतं. फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होऊ लागली: जानेवारी, मे, सप्टेंबर. या तीन गोष्टी एकत्र मांडून बघा.

१ डिसेंबर २०२५ ला रुजू झालात तर ट्रेनिंग ३० नोव्हेंबर २०२७ ला संपतं, सहा महिने मे २०२८ अखेर, म्हणजे मे हुकला, सप्टेंबर २०२८ मिळाला. २० फेब्रुवारी २०२६ ला रुजू झालात तर १९ फेब्रुवारी २०२८, मग १९ ऑगस्ट, म्हणजे पुन्हा सप्टेंबर २०२८. अटेम्प्ट तोच! मे २०२८ मिळवायचा तर ट्रेनिंग ऑक्टोबर २०२७ अखेर संपायला हवं होतं. तुमचा निकालच नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागला, त्यामुळे तो तुमच्या हातात कधी नव्हताच.

म्हणजे डिसेंबरात रुजू होणाऱ्याकडे अडीच-तीन महिन्यांची मोकळी जागा आहे. त्यात दोन वर्षांत मिळून तीस-चाळीस दिवस जास्त रजा झाली तरी अटेम्प्ट हलत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी रुजू होणाऱ्याची दोन आठवडे जास्त रजा मात्र ट्रेनिंग मार्चमध्ये ढकलते, सहा महिने सप्टेंबरात सरतात आणि फायनल थेट जानेवारी २०२९. दोन आठवड्यांपायी चार महिने. म्हणून माझं सांगणं: तिसऱ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला की लगेच रुजू व्हा, जानेवारी उजाडू देऊ नका. मोकळ्या जागेतले दिवस परीक्षेसाठी वापरा, शेवटचे तीन आठवडे मात्र हात न लावता राखून ठेवा. जास्तीची रजा म्हणजे आळस नाही. ती आधी मोजून, प्रिन्सिपलला, म्हणजे ज्यांच्या हाताखाली आर्टिकल आहात त्या सीएला, सांगून घेतलेली असली पाहिजे, इतकंच. रजेचा हिशोब स्वतःच्या वहीत ठेवा आणि दर तिमाहीला ऑफिसच्या नोंदीशी जुळवा. शेवटच्या महिन्यात दोन आकडे निघाले तर ऑफिसचाच खरा धरला जातो.

आता त्या ऑक्टोबरबद्दल, कारण यावरून माझे कितीतरी सहव्यावसायिकांशी वाद झालेत. त्यांचं म्हणणं असतं की सीझनमध्ये पेपर देणारा आर्टिकल कामाचा नाही. आमच्याकडे टीवायची एक मुलगी आहे, तिचं २०२५ चं सांगतो. विद्यापीठाचं वेळापत्रक यायच्या आधी, ऑगस्टमध्येच, परीक्षेचा अंदाजे पंधरवडा तिने ऑफिसच्या कॅलेंडरवर लिहिला. तिच्याकडे टॅक्स ऑडिटच्या तीन फायली. ३सीडीत, म्हणजे टॅक्स ऑडिटच्या फॉर्मात, काही भाग शेवटपर्यंत क्लायंटवर अवलंबून असतो आणि काही भाग आधी उरकता येतो, हे आर्टिकलला पहिल्याच सीझनला कुणीतरी शिकवायला हवं. क्लॉज ४४ घ्या. प्रत्येक खर्चाचं लेजर उघडून किती रक्कम जीएसटी नोंदणी असलेल्यांना गेली, किती नसलेल्यांना, हे वेगळं काढायचं. डोकं कमी, वेळ अफाट. हे काम ऑगस्टमध्ये होऊ शकतं, कारण मार्चअखेरची पुस्तकं तोवर बंद झालेली असतात. क्लॉज ३४ चं टीडीएसचं तक्तं तसंच: तिमाही रिटर्न भरून झालेले असतात, ते लेजरशी जुळवायचे. क्लॉज २६, म्हणजे प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३बी, त्यातली थकीत देणी रिटर्नच्या तारखेपर्यंत भरली का ते बघायचं असतं, म्हणून तो शेवटाला. तिने ४४ आणि ३४ गणपतीच्या आसपास संपवले. सप्टेंबरअखेर प्रत्येक फायलीला एक पान जोडलं: काय आलं, काय यायचंय, कुणाकडून यायचंय, शेवटचा फोन कधी केला, कोणत्या आकड्याबद्दल शंका आहे.

मग मुदत वाढली आणि काम तिच्या पेपरांत शिरलं. तिच्या जागी बसलेल्या ज्युनियरला तिला एकदाही फोन करावा लागला नाही, सगळं त्या पानावर होतं. पेपर एक दिवसाआड, दहा ते साडेबारा. तिने पूर्ण रजा दोनच टाकल्या. बाकीच्या दिवशी दीडला यायची आणि सातपर्यंत बसायची. पेपरचे तीन दिवस साडेपाच-साडेपाच तास आणि उरलेले तीन दिवस सहा तासांहून थोडे जास्त, आठवड्याचे ३५ भरतात. कॉलेज आणि ऑफिस दोन्ही डेक्कनच्या अल्याडपल्याड आहेत म्हणून हे शक्य झालं, हेही खरं.

सीझनमध्ये आर्टिकल पेपरला गेला म्हणून फाईल अडत असेल, तर फाईल एकाच्याच डोक्यात आहे असा त्याचा अर्थ. तो दोष ऑफिसच्या पद्धतीचा. हाच आर्टिकल डेंग्यूने आडवा झाला असता तर काय केलं असतं?

कागदपत्रांकडे येतो, कारण तिथे मुलं नको ते धोके घेतात. आर्टिकलशिपच्या कराराचा फॉर्म १०२ आणि नोंदणीचा १०३ फर्म करून घेतेच, १०३ ला ३० दिवसांची मुदत असते. विसरला जातो तो फॉर्म ११२. आर्टिकलशिपसोबत दुसरा अभ्यासक्रम करायची परवानगी त्यातून मिळते, आणि तुमचं बी.कॉम. आधीपासून चालू असलं तरी तो लागतो. त्यात कॉलेजच्या वेळेचा दाखला लागतो आणि ती वेळ ऑफिसच्या वेळेवर येता कामा नये. प्राचार्यांच्या सहीला कॉलेजात आठवडा सहज जातो, म्हणून रुजू होण्याआधीच पत्र मागून ठेवा. हा फॉर्म टाळला आणि पुढे उघडकीला आलं तर झालेलं ट्रेनिंग नामंजूर होऊ शकतं. एवढा धोका कशासाठी? परवानगी एकाच जादा अभ्यासक्रमाची मिळते, त्यामुळे बी.कॉम. चालू असताना शेजारी आणखी एखादा डिप्लोमा जोडू नका.

आयसीआयटीएसएस, म्हणजे आर्टिकलशिपआधीचं आयसीएआयचं ट्रेनिंग, अजून झालं नसेल तर आधी त्याची बॅच बघा. ओरिएंटेशन आणि आयटी मिळून चार आठवडे जातात आणि निकाल लागल्यावर बॅचेस धडाधड भरतात. पुढच्या अटेम्प्टवाले हे वाचत असतील तर त्यांनी परीक्षा आणि निकाल यांच्या मधल्या काळात ते उरकावं.

कॉलेजच्या बाजूने बॅकलॉग लागतो तो लेखी परीक्षेत क्वचितच. इंटरमध्ये अकाउंट्स आणि टॅक्स सोडवलेल्याला बी.कॉम.चे ते पेपर जड जात नाहीत. नापास होतात ते इंटर्नलला. चाचणी अचानक जाहीर होते, त्या सकाळी तुम्ही चाकणला क्लायंटकडे स्टॉक मोजत असता, आणि बऱ्याच ठिकाणी इंटर्नलला वेगळं पास व्हावं लागतं. वर्गातल्या दोन मित्रांना फक्त चाचण्या आणि सबमिशनच्या तारखा कळवायला सांगून ठेवा, दोघांना, एकावर विसंबू नका. हजेरीसाठी ७५ टक्क्यांचा नियम असतोच. सेमिस्टरच्या पहिल्या दीड महिन्यात ती साठवून ठेवा, शेवटी धावपळ करून भरत नाही. चाकण, रांजणगावची कामं सुट्टीच्या महिन्यांत मागून घ्या आणि लेक्चरच्या महिन्यांत जीएसटी किंवा टीडीएसच्या टेबलावर बसवा म्हणून सांगा. असं मागितलेलं बहुतेक सीनियर देतात. मागतच नाही कुणी.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, साधारण १२० तासांचं. तुमचे हे तास आर्टिकलशिपच्या चार आठवड्यांतच होतात. कॉलेज ते धरतं का हे वर्ष सुरू होतानाच लेखी विचारा आणि फर्मच्या लेटरहेडवर तासांचं पत्र द्या. कॉलेजागणिक उत्तर बदलतं.

आयसीएआयचे सेल्फ पेस्ड मॉड्यूलचे चार संचही फायनलच्या आधी संपवायचे असतात. ते जून आणि डिसेंबरमध्ये घ्या, परीक्षेच्या महिन्यांजवळ नकोत.

मुक्त विद्यापीठाचं विचारलंत. यशवंतराव चव्हाण किंवा इग्नूची पदवी पदवीच आहे, तिला कमी लेखणाऱ्यांचं ऐकू नका. पण एसवायच्या मध्यावर उडी मारू नका. पहिल्या तीन सेमिस्टरचे क्रेडिट तिकडे किती धरले जातील हे लेखी हातात आल्याशिवाय कॉलेजातून नाव काढलंत तर वर्ष जायची भीती आहे. तुमची तीनच सेमिस्टर उरलीत. घर, कॉलेज आणि ऑफिस यांच्यात मिळून रोजचे दोन-अडीच तास प्रवासात जात असतील, किंवा कॉलेज दुपारचं असेल, तर मात्र मी वर लिहिलेलं सगळं कोसळतं. मग मुक्त विद्यापीठच बरं, किंवा त्याच कॉलेजात सकाळची तुकडी मिळते का ते आधी बघा.

"सीए झाल्यावर बी.कॉम. कोण विचारतं" असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. यूजीसीने २०२१ मध्ये सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं, हे ते लगेच सांगतील. ते सीए झालेल्यांसाठी. फायनलला दोन-तीन अटेम्प्ट जास्त लागले तर त्या काळात नोकरीच्या अर्जावर लिहायला हातात पदवी लागते, आणि फायनलच्या निकालाची हमी आजवर कुणाला मिळालेली नाही.

आणि डमी. कॉलेज रेग्युलर, क्लास रेग्युलर आणि आर्टिकलशिप फक्त कागदावर, असा प्रस्ताव कुणी ना कुणी तुमच्यासमोर ठेवेल. नियमाने तो गुन्हा आहेच, सीएवर आणि आर्टिकलवर दोघांवर कारवाई होऊ शकते. त्याहून मोठं नुकसान पुढे नोकरीच्या मुलाखतीत दिसतं: "क्लॉज ४४ कसा काढलास?" एवढं विचारलं की दोन मिनिटांत कळतं. मुलाखतीत कॉलेजबद्दल विचारलं तर खरं सांगा, सेमिस्टरच्या तारखा लिहिलेला कागद सोबत न्या आणि वरचं रजेचं गणित त्यांच्यासमोर मांडा. तरीही नाही म्हणाले तर दुसरी फर्म बघा, डिसेंबरअखेरपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे.