मारुती ईकोची कॅम्पर व्हॅन करायची आहे. पाण्याची टाकी किती लिटरची आणि कुठे बसवावी? साधारण खर्च किती येईल?

टाकी बसवूच नका.

खरं तर उत्तर इथंच संपलं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पुण्याहून निघून दोघं नवरा-बायको मे महिन्यात मराठवाडा फिरणार, आणि व्हिडिओवाले सगळे १०० लिटरची टाकी सांगतात. मी लातूरचा आहे. मे महिना, मराठवाडा आणि १०० लिटर हे तीन शब्द एका ओळीत वाचल्यावर गप्प बसवत नाही.

आधी वजनाचं बघा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, त्यामुळं १०० लिटर म्हणजे १०० किलो, वर टाकीचं आणि तिच्या फ्रेमचं वेगळं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. आत पलंग टाकल्यावर टाकीला जागा उरते ती डिकीत, मागच्या ॲक्सलच्याही मागं. तिथं एवढं ओझं टाकलं की गाडीचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. टाकी गच्च भरलेली असेपर्यंत तरी बरं, अर्धी झाली की पाणी हिंदकळतं आणि वळणावर गाडी तुमच्या आधी पाण्याचं ऐकते. मोठ्या टँकरमध्ये आत आडवे पत्रे घालतात ते याचसाठी. आपला गल्लीतला वेल्डर ते घालत नाही, आणि घातले तर टाकी आतून घासता येत नाही. छतावर ठेवायचा विचार असेल तर तो आजच सोडा. गाडी आधीच उंच आणि अरुंद, त्यात डोक्यावर वजन. शिवाय आमच्याकडं पारा ४२ च्या पुढं गेला की दुपारी त्या पाण्यात हात घालवत नाही.

आता साडूंचं सांगतो, कारण असली मोठी टाकी त्यांच्या ईकोत आहे.

माझे साडू पिंपरीला असतात, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस दिलदार. कंपनीत नोकरी, त्यामुळं प्रत्येक गोष्टीचं आधी ड्रॉइंग काढणार. आम्ही दोघांनी ईको घेतल्या त्या थोड्याफार अंतरानं, आणि कामही एकाच उन्हाळ्याच्या तोंडावर करून घेतलं. त्यांनी स्टीलची १२० लिटरची टाकी वेल्डिंग करून पक्की बसवली, तिला बाहेरून भरायचं झाकण, मागच्या दाराला शॉवर, आत सिंक. सगळं देखणं. किती पाणी उरलं ते दाखवणारा काटा बसवायचा तेवढा राहून गेला. मी २० लिटरचे दोन दुधाचे कॅन घेतले, स्टीलचे, रुंद तोंडाचे, रबरी वायसरचं झाकण असलेले. आमच्याकडं डेअरीवर दूध घालायला नेतात तेच.

साडूंनी दार उघडून ते कॅन बघितले आणि हसून म्हणाले, "लातूरकर ना तुम्ही, ह्याच्यापेक्षा जास्त पाणी कधी बघितलंच नसेल!"

विनोदच होता तो. पण २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते ह्याच गावाला. पहिली गाडी १० वाघिणींची होती, ५ लाख लिटरची, आणि तिचे फोटो देशभर छापून आले. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर १४४ कलम लागलं होतं, जमाव करायचा नाही म्हणून, ते फोटोत येत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आमच्या दारात मोठा निळा ड्रम होता; पाहुणे यायचे आणि म्हणायचे, एवढा ड्रम आहे की! ड्रम होता हो, पण तो भरायचा घागरीनं, आणि घागरी आणायची माझी बायको आणि आई. मी नोकरीवर. तेव्हापासून आमच्या घरात पाण्याचं भांडं केवढं घ्यायचं ते उचलणारा माणूस ठरवतो. कॅन २० लिटरचे घ्यायचे हेसुद्धा बायकोनंच ठरवलं. भरलेला एक कॅन ती आणि मुलगा दोन्हीकडच्या कड्या धरून आरामात नेतात.

तर त्या मे महिन्यात दोन्ही गाड्या लातूरहून वेरूळला निघाल्या. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई हा नेहमीचा रस्ता. मांजरसुंब्याच्या घाटात साडू पुढं होते. मागून मला स्वच्छ दिसायचं: ब्रेक लागला की गाडी थांबायची, आणि थांबल्यावर परत एकदा हलायची. खाली उतरून चहाला थांबलो तर मेव्हणी म्हणाल्या, "पोटात नुसतं डचमळायलंय." साडू म्हणाले, घाटच तसा आहे. माझा मुलगा त्याच घाटात मागं झोपला होता.

संध्याकाळी गोदावरी ओलांडून पाचोडच्या अलीकडं एका वस्तीवर मुक्कामाला विचारलं. मोसंबीची बाग होती. बागवाले आजोबा म्हणाले, लावा की गाड्या, जागेला काय तोटा आहे. त्यांची झाडं टँकरच्या विकतच्या पाण्यावर तगून होती. बुंध्याभोवती पाचट अंथरलेलं आणि झाडाला मोजून पाणी. हे ते स्वतः सांगत होते, आणि आमच्या मागं साडूंची पोरं शॉवरखाली पाय धूत होती. थोड्या वेळानं शॉवर बंद पडला. टाकी संपली होती. काटा नाही, त्यामुळं कुणाला कळलंच नाही.

साडू म्हणाले, भरून घेऊ. पलीकडं हापसा होता. आजोबांना विचारलं, तर "घ्या की, पाण्याला कुणी नाही म्हणतं का?" आमच्याकडं खरंच कुणी नाही म्हणत नाही. म्हणून तर किती मागायचं ते मागणाऱ्याला कळायला पाहिजे.

साडूंनी नळी काढली. चांगली लांब, हिरवी, कपलिंग लावलेली. हापशाच्या तोंडाला ती लावायची कशी? टाकीचं झाकण छातीच्या उंचीवर, हापसा पन्नास पावलांवर, मध्ये बांध. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही न बोलता माझे कॅन काढून दिले. मग त्यांची पोरं हापसायची, आम्ही दोघं कॅन वाहायचो, मेव्हणी नरसाळं धरायच्या आणि बरंचसं पाणी टायरवर जायचं. मे महिन्यात हापसा एका दमात चालत नाही. थोडं उपसलं की पाणी खाली जातं, दांडा हलका लागतो, थांबावं लागतं. तोवर वस्तीवरच्या तिघी-चौघी घागरी घेऊन येऊन उभ्या राहिल्या. कुणी रागावलं नाही. त्यातल्या एकीनं माझ्या बायकोला हळूच विचारलं, "ताई, अजून लई राहिलंय का तुमचं?"

बायकोनं साडूंच्या हातातला कॅन घेतला आणि म्हणाली, "दाजी, बास झालं."

"अगं, टाकी निम्मीसुद्धा झाली नाही."

"राहू द्या निम्मी."

तो कॅन तिनं भरला आणि त्या बाईच्या घागरीत ओतला. साडू अजून म्हणतात की चारचौघांत अपमान केला. नातं आहे म्हणून तिथं मी कुणाचीच बाजू घेतली नाही. इथं घेतो: ती बरोबर होती.

आता तुमच्या गाडीचं. दोन माणसांना एका दिवसाला पिणं, स्वयंपाक, भांडी आणि हातपाय मिळून साधारण २० लिटर लागतं, आंघोळ धरली नाही तर. आंघोळ देवस्थानांच्या भक्तनिवासात किंवा लॉजवर करा. दोन कॅन म्हणजे दोन दिवसांचं पाणी, आणि आमच्याकडं दोन दिवस गाव लागत नाही असा रस्ता नाही. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी ठेवणं बंधनकारक आहे, तिथं मागायला लाजू नका. गावोगावी फिल्टरच्या पाण्याचे जारही मिळतात. ते प्यायला घ्या, कारण बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं आहे. पोट बिघडलं नाही तरी केटली आणि नळाची जाळी पांढरी होऊन बसते.

कॅन स्टीलचाच घ्या, ॲल्युमिनियमचा नको. तोंड एवढं रुंद पाहिजे की कोपरापर्यंत हात आत गेला पाहिजे. खाद्यतेलाचा जुना प्लास्टिकचा कॅन कितीही धुतला तरी वास जात नाही. आणि औषधाचा, म्हणजे फवारणीच्या औषधाचा कॅन तर गाडीच्या आसपासही नको. हे सांगावं लागतंय कारण बाजारात धुऊन विकायला ठेवलेले मी बघितलेत. कॅन ड्रायव्हरच्या सीटच्या लगेच मागं, खाली, पट्ट्यानं बांधून ठेवायचे. अचानक ब्रेक लागला तर २० किलोचा मोकळा कॅन थेट पाठीत येतो.

नळ पाहिजेच असेल तर कृषी सेवा केंद्रात बॅटरीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची सुटी मोटर मिळते, हजाराच्या आत. नवीनच घ्या. नळ बंद केला की ती दाबानं आपोआप थांबते. कॅनच्या झाकणाला भोक पाडून नळी सोडायची, तिच्या तोंडाला जाळी, वायरला फ्यूज, झालं सिंक. खाली सांडपाण्याला झाकणाची बादली. ती वस्तीत ओतू नका, झाडाला घाला. हापशाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात बाटलीवर लिहिलंय तेवढं मेडिक्लोर, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण, टाका. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

गार पाण्यासाठी छागल घ्या, जाड कापडाची पिशवी. पूर्वी ट्रक आणि जीपला बाहेर टांगलेली असायची तीच. कोरड्या हवेत तिच्यातलं पाणी वाऱ्यावर असं गार होतं की फ्रिजचे पैसे वाचतात. कोकणात तिचा उपयोग नाही.

खर्चाचं ठोक सांगत नाही, तो तुमच्या सुतारावर आहे. पाण्याचा सगळा खर्च काही हजारांत बसतो. उरलेले पैसे चांगल्या फोमवर घाला, पाठ त्याच्यावर झोपणार आहे.

काही गोष्टी राहिल्या. गाडीचा पत्रा कापू नका, कायमचं काही वेल्ड करू नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि अपघात झाला की विमावाले आधी तेच बघतात. प्लायची पेटी करा, सीटच्याच बोल्टच्या भोकांत कसा, आणि सीट काढायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. टाकी सरसकट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. फोर्सच्या ट्रॅव्हलरसारखी मोठी गाडी असेल, आत आडवे पत्रे घातलेली टाकी दोन्ही ॲक्सलच्या मध्ये खाली बसत असेल, तर बसवा. दोन-तीन लहान मुलं असतील तर तिसरा कॅन वाढवा. आणि गॅस आत पेटवत असाल तर दोन्हीकडच्या काचा उघड्या. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपलेली माणसं मेलेली आहेत, हे टाकीच्या वादापेक्षा महत्त्वाचं आहे.

साडू हे उत्तर वाचणार आणि खाली लिहिणार की दोष टाकीचा नव्हता, नियोजनाचा होता. लिहू द्या. त्यांना फक्त एवढं विचारा की मागच्या दिवाळीला पिंपरीहून लातूरला येताना टाकी कोरडी आणि सीटमागं २० लिटरचे दोन जार, हे नियोजन कुणाचं होतं.