‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणं, मग रजेच्या अर्जावर ‘लीव्ह’ कसं?

तुम्ही विचारलंय की शाळेत ‘लीव्ह’चा अर्थ ‘सोडून जाणे’ असा पाठ केला होता, आणि आता नोकरी लागल्यावर रजेच्या फॉर्मवरही तोच शब्द दिसतो. मग हा शब्द एक की दोन? आणि झाडाची पानं म्हणजे ‘लीव्ह्ज’, त्यांचा यात काही संबंध आहे का?

पानांचं आधी सांगून टाकतो, संबंध नाही. पानाचा ‘लीफ’ वेगळा, त्याचं फक्त अनेकवचन ऐकायला सारखं होतं. डावीकडचा ‘लेफ्ट’ही वेगळा. तो दुबळा, निकामी अशा अर्थाच्या जुन्या शब्दातून आला, सोडून जाण्याशी त्याचं काही नातं नाही.

उरलेले दोन मात्र खरेच दोन आहेत. उच्चार एक, स्पेलिंग एक, घराणी वेगळी. मी साताऱ्यात एका सरकारी कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बसायचो. रजेचे अर्ज, सेवापुस्तकातल्या नोंदी, कुणाची अर्जित रजा किती साठली याचा हिशेब, सगळं माझ्याकडे. हा शब्द रोज हाताखालून जायचा, त्यामुळे तुम्हाला पडलेला प्रश्न मलाही पडला होता. उत्तर मिळालं तेव्हा इतका आनंद झाला की आजही कुणी विचारलं की मी थांबत नाही.

सोडून जाण्याच्या ‘लीव्ह’चा मूळ अर्थ जाणं नव्हताच. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘राहू देणं’, ‘मागं ठेवणं’ अशा अर्थाचं होतं. बाप मुलांसाठी चार एकर ठेवून गेला, यातलं ‘ठेवून’ म्हणजे हा शब्द. इंग्रजी मृत्युपत्रांच्या भाषेत तो आजही याच अर्थानं येतो. घर सोडलं म्हणजे घर मागं राहू दिलं. शब्दाची नजर जाणाऱ्याच्या पाठीवर नव्हती, मागं राहिलेल्या घरावर होती. पुढं कधीतरी ती फिरली आणि जाणं हाच अर्थ ठळक झाला. जर्मन भाषेत याच मुळाचं ‘ब्लायबेन’ असं क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ चक्क ‘राहणं’. एकाच बियाणाचं एका रानात जाणं उगवलं, शेजारच्या रानात राहणं.

अभ्यासक याचं मूळ ‘चिकटणं’ या अर्थाच्या प्राचीन धातूत दाखवतात. आपल्याकडचा संस्कृत ‘लिप्’ त्याचाच भाऊबंद. त्यावरून लेप, लिंपणं. चिकटण्यातून उरणं कसं आलं हे कळायला दुधाच्या पातेल्याचा तळ बघा. दूध ओतून झालं तरी खरवड चिकटून राहते, आणि चिकटली म्हणूनच ती उरते. इंग्रजीतलं ‘लाइफ’सुद्धा याच कुळातलं, कारण जगणं म्हणजे मागं उरणं, टिकून राहणं.

आता रजेचा ‘लीव्ह’. माझ्या जिव्हाळ्याचा तो हा.

जुन्या इंग्रजीत याचा अर्थ परवानगी. आणि परवानगीच्या मुळाशी आहे आवड, माया. ज्या धातूतून ‘लव्ह’ आला, ‘बिलीव्ह’ आला, त्यातूनच हा ‘लीव्ह’. संस्कृतात त्याचं भावंड म्हणजे ‘लुभ्’, आणि त्यावरून आपला लोभ. आता जुनी पोस्टकार्डं आठवा. वडीलधारी माणसं पत्र संपवताना लिहायची, ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’, नाहीतर नुसतं ‘लोभ असावा’. तिथं लोभ म्हणजे हाव नव्हे, माया. माझ्या आत्याची सांगलीहून येणारी सगळी पत्रं याच दोन शब्दांवर थांबायची. पत्रातून निरोप घेताना मराठी माणूस जो शब्द लिहायचा, त्याचाच दूरचा भाऊ इंग्रजीत निरोप घेण्याच्या कामाला लागलाय. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी आत्याचं एक कार्ड काढून पुन्हा वाचलं.

म्हणून इंग्रजीत ‘टेक लीव्ह’ म्हणजे मुळात समोरच्याची संमती घेणं. उठून जायचं तर यजमानाला विचारायचं. त्यानं राजीखुशीनं हो म्हटलं की निघायचं. पुढं पलटणीत, कचेरीत ही परवानगी वरिष्ठाकडून घ्यायची पद्धत झाली, आणि मग परवानगीनं मिळालेल्या दिवसांनाच ‘लीव्ह’ म्हणू लागले. जर्मनांनीही हेच केलं. त्यांचा सुट्टीसाठीचा शब्द ‘उरलाउब’, तोही मुळात परवानगीच. डच लोकांचा ‘फरलोफ’ इंग्रजीत ‘फर्लो’ होऊन आला आणि आता आपल्या वर्तमानपत्रांतही असतो. कैद्याला फर्लो मंजूर, अशी बातमी तुम्ही वाचली असेल. सरकारी मराठीत तिला संचित रजा म्हणतात.

आणि आपण ज्याला रजा म्हणतो तो शब्द तरी काय आहे? अरबीतून फारसीमार्गे आलेला, आणि मूळ अर्थ संतोष, संमती. ‘राजी’ हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे इंग्रजी शब्द मायेतून संमतीकडे आणि संमतीतून सुट्टीकडे आला, तर आपला शब्द संतोषातून निघून त्याच मुक्कामाला पोचला. कुणी कुणाची नक्कल केली नाही. माणसं दोन्हीकडे सारखाच विचार करत होती.

याच घराण्यातला राजीनामा घ्या. हिंदीत नोकरी सोडायला इस्तीफा देतात, तिकडं राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. मराठीत मात्र तो सोडण्याचा कागद. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत. मी राजी आहे, माझ्यावर जबरदस्ती नाही, असं सांगणारा तो कागद. नोकरी सोडतानाही आपण अजून तेच लिहितो, ‘स्वखुशीने’. शब्दातली खुशी शंभर-दीडशे वर्षं टिकलीय.

कचेरीत हा मूळ अर्थ मला रोज भेटायचा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 यांत स्पष्ट आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. नव्या मुलांना याचा राग यायचा. खात्यावर साठलेली रजा माझीच ना, मग विचारायचं कशाला? मी त्यांना शब्दाचा अर्थ सांगायचो. साठलेले दिवस तुमचे, पण रजा म्हणजे ‘हो’ म्हणणं, आणि ते दुसऱ्यानंच म्हणायचं असतं. मात्र ज्यानं हो म्हणायचं त्यानंही शब्दातला संतोष विसरू नये असं मला मनापासून वाटतं. आईच्या आजारपणाचा अर्ज चार दिवस दाबून ठेवणारे वरिष्ठ मी पाहिलेत. अशा सहीत परवानगी असते, रजा नसते.

तुमचे दोन्ही शब्द एका वाक्यात बघायचे असतील तर कचेरीतला नेहमीचा प्रश्न इंग्रजीत म्हणून बघा: ‘हाउ मच लीव्ह इज लेफ्ट?’ किती रजा शिल्लक आहे? यातला ‘लीव्ह’ लोभाच्या घरचा. ‘लेफ्ट’ मात्र डावीकडचा नव्हे, सोडून जाण्याच्या ‘लीव्ह’चंच रूप, म्हणून लेपाच्या घरचा. शेजारी शेजारी बसलेत आणि एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण आमच्या कोरेगाव भागात त्याचा प्रश्न करतात: ‘येऊ का?’ मला इंग्रजी ‘टेक लीव्ह’चं याहून नेमकं मराठी सापडलेलं नाही. माझा थोरला चुलतभाऊ पलटणीत होता. सुट्टी संपली की पहाटे ट्रंक उचलून बाहेर ठेवायचा, खिशातला रजेचा कागद एकदा चाचपायचा आणि परत आत यायचा. त्या कागदावर साहेबाची सही होती, तिच्या जोरावर तो घरी आलेला असायचा. परत जायला मात्र आजीची रजा लागायची. तो उंबऱ्याच्या आत उभा राहून विचारायचा, ‘येऊ का गं?’ आजी लगेच बोलायची नाही. त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची, त्यानं ती खाल्ली की पदरानं त्याचा हात पुसायची. बाहेरून कुणीतरी एसटी चुकेल म्हणून हाका मारत असायचं. तो हलायचा नाही. मग ती म्हणायची, ‘ये’.